मरहूम की याद में : सायकल, शहर आणि इज्जत

उर्दूतील विनोदी गद्याचा विषय निघाला की पतरस बुखारी यांचे नाव पहिल्या दोन-तीन नावांत येते. आणि पतरसांचे नाव निघाले की 'मरहूम की याद में' या लेखातली सायकल खडखडत समोर येऊन उभी राहते. उर्दू शाळेत शिकलेल्या बहुतेकांना ही सायकल ओळखीची असते. स्नेहसंमेलनात कोणीतरी मुलगा तिचे आवाज तोंडाने काढून दाखवतो आणि पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांपासून शेवटच्या रांगेतल्या आयांपर्यंत सगळे हसतात. मराठी माध्यमात शिकलेल्या आपल्याच भावंडांना मात्र या लेखाचे नावही ठाऊक नसते. थोरला भाऊ उर्दू शाळेत आणि धाकटी बहीण मराठी शाळेत, हे चित्र आपल्या कितीतरी घरांत आहे. एक भाऊ ज्या ओळीवर हसतो, ती ओळ बहिणीला वाचता येत नाही. तेव्हा ज्यांनी हा लेख वाचलेला नाही त्यांना त्याची ओळख व्हावी आणि ज्यांनी वाचला आहे त्यांना तो पुन्हा वाचावासा वाटावा, असा या लिखाणाचा दुहेरी हेतू आहे.

पतरस हे 'खालिस मिजाह'चे, म्हणजे निर्भेळ विनोदाचे लेखक, त्यांच्यात कडवटपणा नाही, कोणावर रोख नाही, असे उर्दू समीक्षेत नेहमी सांगितले जाते. मला ते पुरेसे वाटत नाही. मोडक्या सायकलीवरून शहरातून निघालेल्या माणसाची फजिती हा या लेखाचा वरचा थर आहे. त्याच्या खाली इज्जतीचा प्रश्न आहे. शिकलेल्या, पण खिसा हलका असलेल्या माणसाला शहराच्या रस्त्यावर आपली इज्जत सांभाळणे किती जड जाते, हा या लेखाचा खरा विषय आहे. तो लक्षात घेतला नाही तर लेखाची सुरुवात आणि शेवट या दोन्ही गोष्टी अनावश्यक वाटू लागतात, आणि मग त्या गाळण्याचा मोह होतो.

लेखकाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. सय्यद अहमद शाह बुखारी ऊर्फ पतरस यांचा जन्म १८९८ साली पेशावरला झाला. लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजात शिक्षण, पुढे केंब्रिज, आणि परत त्याच कॉलेजात इंग्रजीचे अध्यापन. उर्दूतले दुसरे मोठे विनोदी लेखक कन्हैयालाल कपूर हे त्यांचे विद्यार्थी. १९३६ नंतर ते ऑल इंडिया रेडिओत गेले आणि तिथे सर्वोच्च पदापर्यंत पोहोचले. त्यांचे धाकटे बंधू जुल्फिकार अली बुखारी यांनी काही काळ मुंबईचे रेडिओ केंद्र सांभाळले, एवढाच या घराण्याचा आपल्या शहराशी आलेला संबंध. फाळणीनंतर पतरस गव्हर्न्मेंट कॉलेजचे प्राचार्य झाले, मग संयुक्त राष्ट्रसंघात पाकिस्तानचे प्रतिनिधी, आणि १९५८ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. इतक्या मोठ्या कारकिर्दीच्या माणसाचे विनोदी लेखनातले नाव मुख्यतः एका लहान पुस्तकावर उभे आहे. १९३० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या 'पतरस के मजामीन' या पुस्तकात लेख अवघे अकरा आहेत. त्यांतल्या 'उर्दू की आखरी किताब'मध्ये मुहम्मद हुसेन आझाद यांच्या बालवाचनमालेचे विडंबन आहे, तर 'लाहोर का जुगराफिया'मध्ये भूगोलाच्या क्रमिक पुस्तकाचे. म्हणजे हा लेखक मुळात मास्तर आहे. वर्गातली भाषा रस्त्यावर आणली की काय गंमत होते, हे त्याला नेमके कळते.

आता लेखाचे कथानक पाहू. निवेदक आणि त्याचा मित्र मिर्झा व्हरांड्यात बसलेले आहेत. मैत्री इतकी जुनी की बोलण्याची गरज उरलेली नाही. समोरून मोटारी जात आहेत. मोटार दिसली की या निवेदकाला जगातल्या अन्यायाची आठवण होते आणि सगळी संपत्ती सगळ्यांना सारखी वाटता येईल असा एखादा उपाय तो शोधू लागतो. रस्त्याने चालताना मोटारीने उडवलेली धूळ नाकातोंडात गेली, तर घरी येऊन तो एफ. ए. ला असताना अभ्यासलेले रसायनशास्त्राचे पुस्तक काढतो. हेतू हा की त्यात बाँब तयार करण्याची एखादी कृती सापडावी. जनावरे पायी चालतात आणि मीही पायीच चालतो, मग आमच्यात फरक तो काय, असे तो मिर्झाला विचारतो आणि आपण मोटार घेणार असे जाहीर करतो. मिर्झा व्यवहारी माणूस. तो मोटारीवरून निवेदकाला अलगद सायकलीवर आणतो आणि आपली स्वतःची सायकल फुकट देऊ करतो. फुकट म्हटल्यावर निवेदकाचा स्वाभिमान दुखावतो. मग मित्राच्या मनाच्या मोठेपणाने भारावून जाऊन तो आपणहून मिर्झाच्या खिशात पैसे घालतो. लेखातला सौदा असा पार पडतो. दोघांपैकी एकही जण याला सौदा म्हणत नाही, ही त्यातली मेख.

त्या रात्री निवेदक अंथरुणावर पडून सायकलवरच्या सहलींचे बेत रचतो. आसपासच्या साऱ्या ऐतिहासिक इमारती पुन्हा बघायच्या, सकाळी कालव्यापर्यंत हवा खायला जायचे, उन्हाळ्यात जमले तर काश्मीर. आणि संध्याकाळी लाहोरच्या ठंडी सडकेवर बाकीचे लोक फिरायला निघतील तेव्हा आपण हस्तिदंती चेंडूसारखे गुळगुळीत रस्त्यावरून आवाज न करता निघून जायचे. सकाळी नोकर येऊन सांगतो की सायकल रात्रीच आली, सोबत पानाही आला. मग ती सायकल दिसते. तिला बघून निवेदकाला वाटते की नांगर, रहाट आणि चरखा यांचाही शोध लागण्यापूर्वीचे हे काहीतरी यंत्र असावे. नोकर तेल घालायला जातो तर तेलाची भोकेच सापडत नाहीत. तरीही स्वारी निघते. मागचे चाक फिरता फिरता डाव्या-उजव्या बाजूला झोकांड्या खाते, पुढच्या टायरला एवढे मोठे ठिगळ की प्रत्येक फेऱ्याला चाक जमिनीवरून एकदा उचलले जाते आणि स्वाराच्या हनुवटीला खालून ठोसा बसावा तशी मान उडते. हँडल खाली जाते, ते वर करावे तर सीट खाली बसते. मिस्त्री लोखंडी कांब घेऊन एकेक भाग ठोकून पाहतो. वैतागून सायकल विकायला काढली तर दुकानदार अशी किंमत सांगतो की ऐकणाऱ्याला राग यावा. पुन्हा स्वार व्हावे तर पुढचे चाक वेगळे होऊन एकटेच पुढे निघून जाते. शेवटी एका हातात चाक आणि दुसऱ्या हातात उरलेली सायकल घेऊन हा गृहस्थ भर रस्त्यातून चालत राहतो, नदीच्या पुलावर येतो आणि पत्रपेटीत पत्र टाकावे इतक्या सहजतेने ती नदीत टाकून मोकळा होतो.

या कथानकात आवाजाकडे लक्ष द्यावे, असे मी वाचकांना सुचवीन. लेखाची सुरुवात शांततेत होते : दोन मित्र न बोलता बसलेले. निवेदकाचे स्वप्नही शांततेचेच आहे : आवाज न करता सरकणारा हस्तिदंती चेंडू. पायी चालणारा माणूस मोटारवाल्याकडे बघून वेगाचा हेवा करत असेल असे आपल्याला वाटते. या निवेदकाला मात्र वेग फारसा नको आहे. त्याला रस्त्यावरून रुबाबात, कोणाच्या डोळ्यांत न खुपता जाता यावे, एवढेच हवे आहे. आणि नेमके तेच त्याला मिळत नाही. सायकल दारातून बाहेर पडताच जो गोंगाट सुरू होतो तो नदीपर्यंत थांबत नाही. आपली ऐपत लपवण्यासाठी माणसाने जे वाहन घेतले तेच त्याची ऐपत भर रस्त्यात ओरडून सांगते. जुने कोट इस्त्री करून वापरणाऱ्या, चपलेचा अंगठा शिवून घेणाऱ्या घरांना हे दुःख समजावून सांगावे लागत नाही.

या गोंगाटाचे वर्णन पतरस कसे करतात तेही बघण्यासारखे आहे. ते नुसते 'फार आवाज येत होता' असे सांगत नाहीत. आवाजांची ते प्रतवारी लावतात. कोणत्या जातीचे आवाज सीटखालून आणि मागच्या चाकातून येतात, कोणत्या कुळातले मडगार्डमधून, कोणते सूर चेन आणि पायडलमधून, अशी शिस्तशीर विभागणी करतात. सर्फ-ओ-नह्वच्या, म्हणजे व्याकरणाच्या तासाला मास्तरांनी शब्दांच्या जाती फळ्यावर लिहाव्यात तशी ही पद्धत आहे. मडगार्डचे वर्णनही असेच. ते चाकांच्या बरोबर वर नसून बाजूला गेलेले आहेत. त्यांचा उपयोग काय, तर माणूस उत्तरेकडे निघाला असेल आणि सूर्य पश्चिमेला मावळत असेल तेव्हा टायरवर सावली राहील एवढाच. या वाक्यात हसवणारा शब्द एकही नाही. दिशा, सूर्य, सावली हे सगळे भूगोलाच्या पुस्तकातले शब्द. शास्त्रीय भाषेचे गांभीर्य जसेच्या तसे ठेवून ते एका भंगार वस्तूला लावायचे, हे पतरसांचे तंत्र. फजिती होत असताना निवेदकाची भाषा मात्र ताठ उभी राहते. रस्त्यावर गेलेली इज्जत तो वाक्यात सांभाळतो, असेही म्हणता येईल.

ही गोष्ट दुसऱ्या लेखकांशी ताडून पाहिली की अधिक स्पष्ट होते. इंग्रजीत जेरोम के. जेरोम यांच्या 'थ्री मेन ऑन द बमेल' या १९०० सालच्या पुस्तकात सायकलीचा एक प्रसिद्ध प्रसंग आहे. निवेदकाची चांगली चालणारी सायकल एक हौशी गृहस्थ दुरुस्तीच्या उत्साहात खोलून ठेवतो आणि तिचा सत्यानाश करतो. लाहोरमध्येच लिहिणाऱ्या इम्तियाज अली ताज यांनी जेरोमच्याच एका पात्रावरून आपला 'चचा छक्कन' उभा केला, हे उर्दू वाचकांना माहीत आहे. इंग्रजीचे प्राध्यापक असलेल्या पतरसांसमोरही ही परंपरा होतीच. पण दोन्ही सायकलींतला फरक पाहा. जेरोमची सायकल हौसेपोटी बिघडते. पतरसांची सायकल बिघडलेलीच येते, कारण नवी घेण्याची ऐपत नाही. त्या काळात सायकलीही विलायतेहून येत. आपल्या देशात सायकलींचे मोठे कारखाने निघाले ते त्यानंतर. जेरोमच्या पानावर एका सुखवस्तू माणसाची सुट्टी खराब होते. पतरसांच्या पानावर एका माणसाची शहरातली पत जाते. रचना परक्या साहित्यातून आली असेल, तरी वेदना लाहोरची आहे.

मराठी वाचकाला इथे चि. वि. जोशी आठवावेत. तेही शिक्षकच. बडोद्यात पालीचे अध्यापन करणारे विद्वान, पतरसांपेक्षा सहा वर्षांनी मोठे, आणि त्यांचे चिमणराव हे १९३० च्या दशकात वाचकांच्या घरात शिरले. म्हणजे लाहोरात पतरसांचा निवेदक आणि मिर्झा, आणि इकडे चिमणराव आणि गुंड्याभाऊ, अशा दोन जोड्या जवळपास एकाच काळात हसवत होत्या. दोन्हीकडे भोळसट, सुशिक्षित निवेदक आहे आणि जोडीला जगाचा अनुभव असलेला दुसरा माणूस आहे. फरक असा की गुंड्याभाऊ चिमणरावांसाठी अंगावर येणारे संकट ओढवून घेतो, तर मिर्झा आपले संकट मित्राच्या गळ्यात बांधतो. चिमणरावांचे जग नात्यागोत्यांचे आहे. तिथे झालेली फजिती घरातल्या माणसांत राहते. पतरसांच्या निवेदकाची फजिती मोठ्या शहराच्या रस्त्यावर, अनोळखी माणसांसमोर होते. तिथे कोणी सावरायला नाही.

या अनोळखी माणसांचे चित्रण लेखात मोजक्या रेषांनी येते. सायकल येताना बघून आया मुलांना छातीशी धरतात. चाक वेगळे झाल्यावर गर्दी जमते. एक गृहस्थ आपल्या मुलाला समजावून सांगतो की ही सर्कशीतली सायकल आहे, हिची दोन्ही चाके वेगवेगळी असतात. मला स्वतःला या लेखातले हे सगळ्यात बोचरे वाक्य वाटते. त्या गृहस्थाच्या मनात वाईट काही नाही. तो आपल्या मुलाच्या ज्ञानात भर घालतो आहे. पण त्या एका वाक्याने एक सुशिक्षित माणूस विदूषक होऊन जातो, आणि त्याला उत्तर देण्याची सोयही उरत नाही. हा माणूस मान ताठ ठेवून, कोणाकडे न बघता चालत राहतो. एवढ्या गर्दीतून हातात चाक घेऊन चालताना तो जो धीर धरतो, त्यावर हसताना आपल्यालाही थोडे अवघडल्यासारखे झाले पाहिजे. ज्या वाचकाला तसे होत नाही त्याने लेखातली सायकल तेवढी पाहिली, सायकलवरचा माणूस त्याच्या नजरेतून सुटला.

आता मिर्झाचा विचार. साऱ्या फजितीला जबाबदार कोण, तर मिर्झा. निवेदक त्याच्या दारात जातो तेव्हा भांडण होईल अशी वाचकाची अपेक्षा असते. मिर्झा त्याला आत बोलावतो. निवेदक म्हणतो की तुम्हीच बाहेर या, तुमच्यासारख्या पवित्र पुरुषाच्या घरात मी वजूशिवाय पाऊल कसे ठेवू? मग सायकलीसोबत आलेला तो पाना त्याच्या हातात ठेवतो आणि सुचवतो की आता याच्याशीच मन रमवा, मला याचा उपयोग उरलेला नाही. शिवी नाही, पैशांची मागणी नाही, आवाज चढवणे नाही. अदबीच्या भाषेत इतका राग भरता येतो हे उर्दूच्या तहजीबचे वैशिष्ट्य आहे, आणि आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात ते अजून ऐकू येते. ज्या माणसाची दिवसभर रस्त्यावर इज्जत गेली तो मित्राच्या दारात मात्र ती एका वाक्याने परत मिळवतो. 'खालिस मिजाह'चे समर्थक म्हणतात की पतरसांमध्ये राग नाही. राग आहे. त्याने फक्त धुतलेले कपडे घातले आहेत.

यानंतर लेखाचे शेवटचे वाक्य येते. घरी जाऊन निवेदक एफ. ए. ला असतानाचे ते रसायनशास्त्राचे पुस्तक पुन्हा वाचायला घेतो. बस, लेख संपतो. सुरुवातीला बाँबच्या कृतीसाठी ज्या पुस्तकाचा उल्लेख आला होता तेच हे पुस्तक. म्हणजे सायकलीची सारी सफर ही मोटारीच्या धुळीपासून निघून त्याच धुळीपाशी परत आली आहे. मधल्या काळात या माणसाने समाजाच्या अन्यायावर एक समजूतदार, मध्यममार्गी उपाय करून पाहिला होता : मोटार नाही तर सायकल. तो उपाय नदीत गेला. उरले काय, तर पुन्हा ते पुस्तक.

ही दोन टोके वर्गात शिकवताना काय होते ते सांगणे भाग आहे. वेळ कमी आहे असे म्हणून कित्येक शिक्षक दारात सायकल येते तिथूनच सुरुवात करतात. वेळेची अडचण असते हे खरे, पण दुसरीही अडचण असते, ती कोणी बोलून दाखवत नाही. उर्दू शाळेचा वर्ग, मुस्लिम मुले, आणि फळ्यासमोर उभा राहून शिक्षक बाँबच्या कृतीचा विनोद वाचून दाखवतो आहे, हे दृश्य आज साधे राहिलेले नाही. २००६ साली मालेगावात स्फोट झाले तेव्हा सुरुवातीला अटक झालेल्या मुस्लिम तरुणांना न्यायालयाने आरोपमुक्त केले ते २०१६ साली. या दहा वर्षांत वाढलेल्या मुलांच्या कानांत तो शब्द वेगळ्या तऱ्हेने शिरलेला आहे. 'तेवढा भाग सोडून शिकवा, कशाला उगाच,' असा सल्ला एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मलाही दिलेला आहे. त्यामागची काळजी मी समजू शकतो.

तरीही तो भाग सोडू नये असे माझे ठाम मत आहे, आणि त्याचे कारण साहित्यिक आहे. हा विनोद हिंसेचा नाही, हतबलतेचा आहे. ज्या माणसाला सायकलीचे हँडल जागेवर ठेवता येत नाही तो बाँब करणार कुठून? एफ. ए. चे क्रमिक पुस्तक चाळणे ही त्याच्या बंडाची सीमा. शिकलेल्या माणसाचा राग पुस्तकात सुरू होतो आणि पुस्तकातच विरतो, हे पतरसांना सांगायचे आहे. हे पुस्तक वाचकांच्या हाती पडले तो काळही लक्षात घ्यावा. ८ एप्रिल १९२९ रोजी भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी दिल्लीच्या असेंब्लीत बाँब टाकला, लाहोर कटाचा खटला लाहोरातच चालला आणि २३ मार्च १९३१ रोजी भगतसिंगांना त्याच शहरात फाशी झाली. त्या लाहोरातल्या सरकारी कॉलेजचा एक प्राध्यापक हा विनोद छापत होता आणि लोक तो हसत वाचत होते. तेव्हाच्या वाचकाने जो विनोद विनोद म्हणून घेतला तो आज भीतीपोटी गाळावा लागत असेल, तर कमी झालेले आपले हसू आहे, लेखाचे त्यात काही बिघडलेले नाही. दोन्ही टोके कापली की लेखात उरते ती मोडक्या सायकलीची नक्कल. मुले त्यावरही हसतील. पण मग स्नेहसंमेलनातल्या नकलेत आणि साहित्यात फरक काय राहिला, हे शिक्षकाने स्वतःला विचारावे.

इतकी बाजू घेतल्यावर या लेखाची उणीवही सांगितली पाहिजे. निवेदक स्वतःला जगातल्या अन्यायाचा बळी मानतो, पण सकाळी सायकलीला तेल घालायला त्याच्याकडे नोकर आहे. दुरुस्ती करणारा मिस्त्री आणि जुन्या सायकलींचा दुकानदार हे लेखात फक्त त्याची चेष्टा व्हावी किंवा त्याला राग यावा म्हणून येतात. दुकानदाराने किंमत सांगताच निवेदक त्याला सुनावतो की माझा अपमान मी सोसला असता, पण एका मुक्या वस्तूचे मन दुखवल्याबद्दल कयामतपर्यंत माफी नाही. वाक्य अप्रतिम आहे, पण दुकानदाराने वावगे काय केले? माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील रस्त्याच्या कडेला बसून पंक्चर काढतात. हा भाग वाचून झाल्यावर त्या मुलाने विचारले, "सर, त्या मिस्त्रीने तर बरोबरच सांगितले ना? भंगारला भंगारच म्हणणार." मुले हसली. मला तो प्रश्न समीक्षेचा प्रश्न वाटला. मोटारीतून पाहिले तर पायी चालणारा कसा दिसतो हे पतरसांनी ओळखले. मिस्त्रीच्या ओट्यावरून पाहिले तर सायकलवाला साहेब कसा दिसतो, तिकडे त्यांचे लक्ष गेले नाही.

याच संदर्भात दुसऱ्या एका सायकलीची आठवण होते. व्हित्तोरिओ दे सिका यांचा 'बायसिकल थीव्ज' हा इटालियन चित्रपट १९४८ चा. रोममधल्या एका बेकार माणसाला पोस्टर चिकटवण्याचे काम मिळते, पण अट अशी की सायकल हवी. गहाण पडलेली सायकल सोडवण्यासाठी बायको घरातल्या चादरी गहाण टाकते. कामाच्या पहिल्याच दिवशी सायकल चोरीला जाते आणि बापलेक ती शोधत सारे शहर पालथे घालतात. शेवटी बाप स्वतः एक सायकल चोरायला जातो आणि मुलाच्या डोळ्यांदेखत पकडला जातो. गर्दीसमोर मान खाली गेलेला माणूस इथेही आहे. पण रोमच्या त्या माणसाला सायकल नदीत टाकून देण्याची चैन परवडणारी नाही. सायकल गेली तर त्याची भाकरी जाते. पतरसांच्या नायकाचा रुबाब जातो, भाकरी जात नाही, म्हणून आपण हसू शकतो. विनोद कोणत्या पायरीवर उभा राहून केला आहे, हे या तुलनेतून कळते. यामुळे पतरस लहान ठरत नाहीत. त्यांची पायरी कोणती एवढे स्पष्ट होते.

शेवटचा मुद्दा अनुवादाचा. मराठीत वाचणाऱ्या मित्रांना मी हा लेख तोंडी सांगतो तेव्हा पहिली ठेच शीर्षकालाच लागते. 'मरहूम' म्हणजे दिवंगत, हे शब्दकोशाच्या दृष्टीने ठीक. पण 'मरहूम' हा शब्द रहम आणि रहमत यांच्याच मुळातून आला आहे : ज्याच्यावर अल्लाहची दया झाली तो. नदीत टाकलेल्या भंगार सायकलीला 'मरहूम' म्हणण्यात थट्टा आहे, आणि बिचारी एकदाची सुटली हा दयेचा सूरही आहे. 'दिवंगत'मध्ये हा सूर नाही. 'कैलासवासी' म्हटले तर सायकलीचे कुळच बदलते. आपल्या मराठी निमंत्रणपत्रिकांत आणि श्रद्धांजलीच्या जाहिरातींत 'पैगंबरवासी' असा शब्द वापरण्याची रीत आहे, पण तो सायकलीला लावणे अदबीला सोडून होईल. म्हणून 'मरहूम' तसाच ठेवावा. मराठी वाचकाला तो अगदीच परका नाही. वजू, मिर्झा, तहजीब हेही तसेच ठेवावेत. सायकलीचे भाग मात्र आपल्या दुकानांत ज्या नावांनी ओळखले जातात त्याच नावांनी यावेत. पाना म्हणजे पाना, चेन म्हणजे चेन. आणि आवाजांच्या बाबतीत अनुवादकाने उर्दूची नक्कल न करता सायकलीच्या दुकानाबाहेर अर्धा तास उभे राहावे. मराठीत खडखडाटाला शब्दांची कमतरता नाही.

आणि अनुवाद करायचा तर पूर्ण करावा. मोटारीची धूळ, रसायनशास्त्राचे पुस्तक, मिर्झाच्या दारातले वजूचे वाक्य, आणि पुन्हा ते पुस्तक, यांतले काहीही गाळू नये. थोरल्या भावाने उर्दूत वाचले तेवढे सगळे धाकट्या बहिणीला मराठीत मिळावे. ती कुठे हसते, कुठे थांबते आणि त्या मुलासारखा एखादा प्रश्न विचारते का, ते मग पाहता येईल.